‘एन्ट’ला अशुद्ध कोणी ठरवले?

मी इंग्रजीचा शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा उभा राहून उतारा वाचत होता. वस्तीतला मुलगा, घरात पहिल्यानेच कोणी कॉलेजात आलेले. उताऱ्यात ‘आस्क’ हा शब्द आला आणि तो ‘ॲक्स’ म्हणाला. मागच्या बाकांवर हशा पिकला. मी ‘आस्क’ असे दुरुस्त करून सांगितले, पण तसे सांगताना मीही हसलो होतो. तो मुलगा त्यानंतर वर्गात फारसा बोलला नाही, आणि दिवाळीनंतर यायचाच बंद झाला.

त्याच्या जाण्याला तेवढे एकच कारण असेल असे मी म्हणत नाही. पण माझे हसणे मला पुष्कळ दिवस सलत राहिले. याचे कारण माझ्याच बालपणात आहे. चौथीत असताना मी निबंधात ‘पावसाने फार नुस्कान झाले’ असे लिहिले होते. आमच्या घरी, आळीत, सगळीकडे ‘नुस्कान’च म्हणत. गुरुजींनी माझी वही वर्गाला दाखवली आणि ‘नुकसान’ हा शब्द शंभर वेळा लिहायला लावला. ‘तुम्हा लोकांची जीभच जड’ असेही ते म्हणाले. शंभर वेळा लिहून शब्द पाठ झाला. पण घरी आई ‘नुस्कान’ म्हणाली की मला तिची लाज वाटू लागली. ती शिक्षा शंभर ओळींपेक्षा मोठी होती.

‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘आस्क’चे ‘ॲक्स’ या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली आहे. स आणि क यांनी आपापसांत जागा बदलल्या आहेत. भाषाशास्त्रात याला वर्णविपर्यय म्हणतात. जिभेच्या जडपणाशी त्याचा काही संबंध नाही. जगातल्या बहुतेक भाषांत तो घडतो आणि राजाच्या तोंडीही घडतो. ही गोष्ट मला फार उशिरा, इंग्रजी भाषेचा इतिहास वाचताना कळली. तो इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः शिक्षकांनी जाणून घ्यावा, म्हणून हा लेख.

‘ॲक्स’ची वंशावळ

हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘विचारणे’ या क्रियापदाची दोन रूपे शेजारी शेजारी नांदत होती. एकात स आधी व क नंतर, दुसऱ्यात क आधी व स नंतर. दोन्ही रूपे हस्तलिखितांत सापडतात. चौदाव्या शतकातला चॉसर हा इंग्रजी काव्याचा आद्य पुरुष मानला जातो. त्याच्या लेखनात ‘ॲक्स’ आहे. इंग्लंडात पहिला छापखाना घालणाऱ्या कॅक्स्टनने १४९० साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत तेच रूप आहे. १५३५ साली कव्हरडेलने छापलेल्या बायबलातही ‘मागा म्हणजे मिळेल’ या अर्थाच्या ठिकाणी ‘ॲक्स’च आहे. म्हणजे देवाकडे मागायलासुद्धा हा शब्द चालत होता.

पुढे लंडनच्या आसपासचे लेखी वळण प्रमाण ठरले. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रंथांतून ‘आस्क’ स्थिर झाला आणि ‘ॲक्स’ खेड्यापाड्यांतल्या बोलीत राहिला. त्याच खेड्यांतली गरीब माणसे, करारावर बांधलेले मजूर आणि मुकादम अमेरिकेत गेले. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कानावर मळ्यांत जी इंग्रजी पडली, ती बऱ्याच अंशी या लोकांची होती. गोऱ्या समाजाने यथावकाश ‘ॲक्स’ टाकून दिला. काळ्या समाजाने तो जपला. आज अमेरिकेत एखादा काळा मुलगा ‘ॲक्स’ म्हणाला की त्याला अडाणी ठरवतात. ज्याला अडाणी ठरवतात तो चॉसरचा शब्द बोलत असतो आणि ठरवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

वर्णविपर्ययाचेच आणखी एक उदाहरण सांगतो. इंग्रजीतला पक्ष्याचा ‘बर्ड’ हा शब्द पूर्वी ‘ब्रिड’ होता. तिथेही र ने जागा बदलली. मात्र तो बदल प्रतिष्ठितांनी स्वीकारला, म्हणून ‘बर्ड’ शुद्ध झाला. चूक म्हणायची तर दोन्ही चुकाच. पण एकीला शब्दकोशात मानाचे पान मिळाले आणि दुसरीच्या वाट्याला वर्गातला हशा आला.

तोडलेला शब्द की जुना शब्द?

बोलण्यातल्या इंग्रजीत ‘देम’ऐवजी नुसते ‘एम’ म्हणतात. आम्हाला शिकवले गेले की हे आळशी माणसाने ‘देम’चे डोके उडवून केलेले रूप आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. ‘देम’ हा मुळात इंग्रजी शब्दच नव्हे. नवव्या शतकापासून उत्तर व पूर्व इंग्लंडात येऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो आला. अस्सल जुना इंग्रजी शब्द ‘हेम’ होता. चॉसर ‘त्यांना’ या अर्थी ‘हेम’ लिहितो. ‘देम’ हळूहळू सर्वत्र पसरला, पण बोलण्यात ‘हेम’ मेला नाही. त्यातला ह गळून ‘एम’ उरला. म्हणजे अशुद्ध मानलेला शब्द घरचा आणि शुद्ध मानलेला बाहेरून आलेला.

‘रनिंग’ऐवजी ‘रनिन’, ‘हंटिंग’ऐवजी ‘हंटिन’ म्हणणे हेही असेच. जुन्या इंग्रजीत क्रियापदापासून होणाऱ्या विशेषणाचा प्रत्यय आणि नामाचा प्रत्यय वेगवेगळे होते. पुढे लेखनात दोन्हींसाठी एकच ‘इंग’ आला. बोलण्यातल्या ‘इन’मध्ये त्या पहिल्या प्रत्ययाचा अवशेष असावा असे अनेक अभ्यासक मानतात. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इंग्लंडमध्ये हे ‘इन’ दोन टोकांना ऐकू येई. शेतमजूर ते बोलत आणि शिकारीला जाणारे उमराव, सरदारही बोलत. मधला वर्ग तेवढा जपून ‘इंग’ म्हणे. उमरावाच्या तोंडी ते खानदानी ऐट ठरले आणि मजुराच्या तोंडी गावंढळपणा. एकच ध्वनी, पण तोंड कोणाचे यावर त्याची किंमत ठरली.

‘एन्ट’ची बदनामी

सर्वांत बदनाम शब्द ‘एन्ट’. अठराव्या शतकाच्या आधीपासून इंग्रजी बोलण्यात नकारार्थी क्रियापदे जोडून उच्चारण्याची पद्धत रूढ होत होती. ‘कान्ट’, ‘वोन्ट’, ‘डोन्ट’ ही त्यातलीच. ‘ॲम नॉट’ जोडून बोलताना म आणि न एकमेकांना चिकटले, म गळाला आणि ‘अँट’सारखा उच्चार झाला. ‘आर नॉट’मधला र गळाल्यावर तोही तिथेच पोहोचला. ‘हॅव नॉट’, ‘हॅज नॉट’ही त्याच वाटेने आले. सतराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी नाटकांतून सभ्य पात्रांच्या तोंडी हे रूप आढळते. जोनाथन स्विफ्टच्या खासगी पत्रांतही ते आहे. पुढे त्याचे ‘एन्ट’ झाले.

मग ते पतित कसे झाले? अठराव्या शतकात इंग्लंडात व्यापारातून पैसा मिळवलेला नवा मध्यमवर्ग वर येत होता. त्याला वरच्यांसारखे दिसायचे होते आणि खालच्यांपासून वेगळे दिसायचे होते. त्यासाठी त्याला नियमांची पुस्तके हवी होती. १७५५ साली जॉन्सनचा शब्दकोश आला, १७६२ साली रॉबर्ट लाउथ याचे व्याकरण आले. हा लाउथ पुढे लंडनचा बिशप झाला. दोन नकार एकमेकांना खोडून होकार करतात, असा गणिती नियम त्याने इंग्रजीला लावला. चॉसरच्या काळी एका वाक्यात दोन-तीन नकार आले तर नकार अधिक ठाम होई. आता ते अडाणीपणाचे लक्षण झाले. ‘एन्ट’ही याच चाळणीतून खाली पडला.

परिणाम मोठा विचित्र झाला. ‘मी नाही का?’ असे विचारायला प्रमाण इंग्रजीत सुटसुटीत रूपच उरले नाही. तेव्हा सुशिक्षित इंग्रज ‘आर्न्ट आय’ म्हणू लागले. ‘आय’बरोबर ‘आर’ येत नाही हे आपल्याकडचा पाचवीचा मुलगाही सांगेल. व्याकरणाच्या हिशेबाने ‘आर्न्ट आय’ हे ‘एन्ट’हून अधिक तर्कदुष्ट आहे. परंतु ते साहेबाच्या दिवाणखान्यातले, म्हणून शुद्ध. १९६१ साली अमेरिकेतल्या वेबस्टरच्या मोठ्या शब्दकोशाने इतकेच नोंदवले की पुष्कळ सुसंस्कृत माणसेही बोलताना ‘एन्ट’ वापरतात. तेवढ्यावर तिथल्या वृत्तपत्रांनी भाषा बुडाल्याचा आकांत केला. शब्दकोशाने परिस्थिती सांगितली होती. त्यांना न्यायनिवाडा हवा होता.

‘गॉना’ आणि ‘करतोय’

‘गोइंग टू’चे ‘गॉना’ आणि ‘वाँट टू’चे ‘वाना’ हे आज आपल्या शहरांतली मुले सिनेमे पाहून सर्रास बोलतात. ‘गोइंग टू’चा मूळ अर्थ कुठे तरी जात असणे. जो काही करण्यासाठी निघाला तो ते पुढे करणार, या ओघाने पंधराव्या शतकापासून त्याला भविष्यकाळाचा अर्थ येऊ लागला. अर्थ झिजून व्याकरणाचे काम करू लागला की शब्दाचा देहही झिजतो. तसे ‘गॉना’ झाले. पण ते नुसते आळसाने झाले नाही, हे एका कसोटीवर दिसते. ‘मी जेवणार आहे’ या अर्थी ‘गॉना’ चालते. ‘मी पुण्याला जात आहे’ या अर्थी कोणीही इंग्रज ‘गॉना पुणे’ म्हणत नाही. म्हणजे या रूपाला स्वतःचा नियम आहे आणि तो कोणी न शिकवता सगळे पाळतात.

मराठीत ‘करतो आहे’चे ‘करतोय’ झाले. कथाकादंबऱ्यांत, वृत्तपत्रांत ते छापले जाते आणि कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पण विदर्भातला माणूस ‘करून राहिलो’ म्हणाला की पुण्यामुंबईच्या नाटकांत त्याचे विनोदी पात्र होते. दोन्ही रूपे एकाच गरजेतून, चालू क्रिया दाखवण्यासाठी घडली. फरक गावाचा आणि जातीवर्गाचा आहे.

हा फरक ध्वनीत नसतो हे विल्यम लेबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत दाखवून दिले. एक दुकान श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक गरिबांचे. ‘फोर्थ फ्लोअर’ असे उत्तर येईल असा प्रश्न तो नोकरांना विचारी आणि त्यातला र उच्चारला जातो की नाही हे टिपून घेई. श्रीमंतांच्या दुकानात र अधिक ऐकू आला, गरिबांच्या दुकानात सर्वांत कमी. न्यूयॉर्कमध्ये र गाळणे हे खालच्या थराचे लक्षण. पण लंडनमध्ये प्रतिष्ठितांची इंग्रजी हाच र गाळते, आणि तिथे र स्पष्ट उच्चारणारा खेडवळ समजला जातो. समुद्राच्या या काठाला जे उच्च ते त्या काठाला नीच! उच्चनीच जर र मध्ये असते तर ते दोन्हीकडे सारखेच दिसले असते.

हे वाचताना मला आपल्या जातिव्यवस्थेची आठवण होते. आधी माणसांची उतरंड ठरते. मग त्यांच्या अन्नाची, कपड्यांची, देवांची आणि शब्दांची उतरंड त्या मापाने लावली जाते. आणि शेवटी सांगितले जाते की तुमचे शब्द हलके, म्हणून तुम्ही हलके.

शाळा आणि कोर्ट

कोणी म्हणेल, हशाने कोणी मरत नाही. म्हणून दोन प्रसंग सांगतो.

मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी, मार्टिन ल्यूथर किंगच्याच नावाच्या शाळेत, गरीब वस्तीतल्या काळ्या मुलांना ‘शिकण्याची क्षमता कमी’ अशा वर्गवारीत टाकले जात होते. त्यांच्या आया कोर्टात गेल्या. १९७९ साली न्यायाधीश जॉइनर यांनी निकाल दिला की ही मुले घरून एक वेगळी, नियमबद्ध बोली घेऊन येतात. तिची दखल न घेता त्यांना वाचन शिकवणे म्हणजे त्यांच्या शिक्षणात अडथळा आणणे होय. मुलांना बोली शिकवा असे न्यायाधीशांनी म्हटले नाही. शिक्षकांनी ती बोली समजून घ्यावी असे म्हटले. शिक्षा मुलांना झाली नाही, शिकण्याची पाळी शिक्षकांवर आली. माझ्या मते हा निकाल आपल्या प्रत्येक अध्यापक विद्यालयात वाचला गेला पाहिजे.

त्या बोलीत किती बारकावे आहेत याचा एकच मासला देतो. तीत ‘ही वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतो आहे आणि ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो नेहमी काम करत असतो. प्रमाण इंग्रजीचा शिक्षक दोन्हींवर लाल रेघ मारतो आणि त्यांतला भेद त्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरा प्रसंग अधिक कठोर आहे. २०१२ साली फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र काळ्या मुलाला गोळी घालून मारण्यात आले. मरण्यापूर्वी तो एका मैत्रिणीशी फोनवर बोलत होता. २०१३ च्या खटल्यात ती मुख्य साक्षीदार होती. ती कित्येक तास आपल्या बोलीत साक्ष देत होती. आरोपी सुटला. ज्युरीतल्या एका बाईने नंतर दूरचित्रवाणीवर सांगितले की साक्षीदाराचे काही शब्दप्रयोग तिने पूर्वी कधी ऐकलेच नव्हते. तिची साक्ष नीट समजली असती तर निकाल बदलला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण जी साक्ष समजलीच नाही तिचे वजन काय पडणार? २०१९ साली फिलाडेल्फियातील २७ न्यायालयीन लघुलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९५ टक्के अचूकतेचे प्रमाणपत्र बाळगणाऱ्या या लोकांना काळ्यांच्या बोलीतली जेमतेम ६० टक्के वाक्ये अचूक टिपता आली. खैरलांजीपासून आजवर आपल्या बायाबापड्यांनी पोलीस ठाण्यात दिलेले जबाब ‘शुद्ध’ मराठीत कोण उतरवतो आणि उतरवताना त्यांतले काय गळते, याचा विचार वाचकांनी करावा.

ओकलंड ते औरंगाबाद

१९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. सहा वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नावाचे ऋण उघड आहे. त्याच ओकलंडच्या शिक्षण मंडळाने डिसेंबर १९९६ मध्ये ठराव केला की काळ्या मुलांच्या घरच्या बोलीला मान्यता देऊन तिच्या आधाराने त्यांना प्रमाण इंग्रजी शिकवावी. देशभर त्याची टवाळी झाली. काही काळ्या पुढाऱ्यांनीही आधी विरोध केला. पण पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेने ठराव करून सांगितले की ही बोली इतर भाषांसारखीच नियमबद्ध आहे आणि तिला मोडकी म्हणणे चूक आहे.

आपल्याकडे हा झगडा जुना आहे. चिपळूणकरांनी निबंधमालेतून जोतीराव फुल्यांच्या भाषेचा आणि व्याकरणाचा उपहास केला. फुल्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा त्यांचे व्याकरण काढणे सोपे होते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्यातले कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत हे विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडले. न कळणे हा आपलाही उणेपणा असू शकतो, हे कबूल करायला शतक जावे लागले.

इंग्रजीचे आणि आमचे नातेही केवळ कॉलेजातले नाही. कंपनीच्या पलटणींत महार शिपाई होते. पहारेकऱ्याने ‘हू कम्स देअर’ असे ओरडायचे, त्याचे छावणीत ‘हुकुमदार’ झाले. ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला, ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झाला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. एका बाजूला ‘रंगरूट’ म्हणणारी छावणी आणि दुसऱ्या बाजूला मुलाकडून नेटकी इंग्रजी घोटून घेणारा बाप, ही दोन्ही आमचीच परंपरा आहे. त्यांपैकी एक टाकून दुसरी घेण्याचे कारण नाही.

म्हणून गैरसमज नको. प्रमाण इंग्रजी आणि प्रमाण मराठी आपल्या मुलांनी शिकलीच पाहिजे, कसून शिकली पाहिजे. परीक्षेत ‘एन्ट’ लिहिणाऱ्याचे गुण जातात आणि अर्जात ‘नुस्कान’ लिहिणाऱ्याची नोकरी जाते. बाबासाहेबांनी शत्रूलाही दाद द्यावी लागेल अशी इंग्रजी कमावली आणि तिच्यावर हुकमत गाजवली. बोलीचा अभिमान सांगून मुलांना प्रमाणभाषेपासून दूर ठेवणे हाही एक प्रकारचा घातच आहे. पण ‘इथे हे रूप चालते, तिथे ते’ असे सांगणे वेगळे आणि ‘तुझी जीभ जड’ असे सांगणे वेगळे. पहिल्याने मुलाला एक भाषा अधिक मिळते. दुसऱ्याने असलेली भाषाही जाते.

आता दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘आस्क’ आणि ‘ॲक्स’ शेजारी शेजारी लिहितो. खाली ‘नुकसान’ आणि ‘नुस्कान’ लिहितो. चारही शब्दांचा इतिहास सांगतो आणि मग परीक्षेत कोणते लिहायचे तेही सांगतो. या तासाला वर्ग हसत नाही. एखादी मुलगी हात वर करून म्हणते, ‘सर, आमच्याकडं मतलबला मतबल म्हणतात.’ तोही शब्द मी फळ्यावर लिहितो. फक्त ज्याच्यासाठी हा तास सुरू केला, तो मुलगा या वर्गात नाही.